एका हातानं घालायचं मंगळसूत्र

ज्यांच्या हातातलं बळ गेलंय त्यांनी हे स्वतः वाचत बसू नये, कुणाला तरी वाचून दाखवायला सांगावं. फोन धरून धरून मनगटं किती दुखतात ते मला ठाऊक आहे. मीही हे लिहिलेलं नाही. फोनसमोर बसून बोलले आहे आणि माझ्या भावानं त्यातल्या चुका काढल्यात. काही ठिकाणी तो माझी भाषा शुद्ध करायला निघाला होता, तेवढं मी करू दिलं नाही.

मी वैशाली. कुंडलला असते. नवरा फौजेत, त्यामुळं घरात मी आणि सासू. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मूलबाळ नाही, आणि तो विषय इथं नको. आजारी पडायच्या आधी मी मण्यांचे दागिने ओवून विकायची. ठुशी, तन्मणी, काळ्या मण्यांच्या पोती. बोटं ही माझी इस्टेट होती, असं म्हटलं तरी चालेल.

सुई

सुरुवात सुईपासून झाली. एका सकाळी मणी ओवायला बसले तर सुई बोटांत ठरेना. उचलली की निसटायची. मला वाटलं, झोपेत हात अंगाखाली आला असेल. आत्यांनी तेल कोमट करून चोळलं. दुपारी चहाचा कप सुटला. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला ठेच लागली, आणि पाय उचलला तर तो माझा असल्यासारखा उचललाच जाईना.

त्यानंतर न्हाणीत पाटावर बसले ती उठताच आलं नाही. ओल्या अंगानं आत्यांना हाका मारत राहिले. आत्या आल्या, त्यांना मला ओढता येईना. मग शेजारच्या शालनवैनी आल्या. दोघींनी मिळून मला कसंबसं लुगड्यात गुंडाळलं. तोवर दारात चार बाया जमल्याच होत्या. एकजण म्हणाली, "वारं गेलं वाटतं अंगावरनं. कडेगावाकडं एकजण नाकात औषध घालतो."

आत्या म्हणाल्या, "त्येच्याच नाकात घालू दे त्याला. गाडी बोलवा."

आत्या शिकलेल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मला सरळ सांगलीला नेलं म्हणून मी आज बोलतेय. असं काही झालं तर एक दिवससुद्धा घरी काढू नका. तेल चोळत बसू नका.

सगळं काढा

डॉक्टर तरुण होता. रबराच्या हातोडीनं गुडघ्यावर मारत होता आणि माझा पाय काही केल्या उडत नव्हता. तो पुन्हा मारायचा, पुन्हा बघायचा. शेवटी म्हणाला, "नसांचा आजार आहे. तुमचंच शरीर तुमच्या नसांना खायला उठलंय."

मी विचारलं, "बरं होतं का सर हे?"

"बहुतेक जण होतात."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. पुढं काहीतरी बोलेल असं वाटलं. तो पुढच्या पेशंटकडं गेला.

मग पाठीचा एमआरआय करायचा म्हणून सिस्टर आली. "अंगावर धातूचं काही नको. सगळं काढा." कानातल्याच्या फिरक्या तिनंच काढल्या. जोडवी निघेनात, ती साबण लावून काढली. राहिलं मंगळसूत्र. माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते. सिस्टर आत्यांना म्हणाली, "आजी, तेवढं काढा की पटकन."

आत्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"म्या न्हाई काढणार."

"अहो आजी, मशीन थांबलंय."

"म्या तशी हाय, बाई," आत्या म्हणाल्या. "माझा हात लावायचा न्हाई त्येला."

सिस्टरला काही कळलं नाही. तिनं स्वतः फासा उघडून मंगळसूत्र काढलं आणि आत्यांच्या हातात द्यायला गेली. आत्यांनी हात पुढं केलाच नाही, पदर पुढं केला.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा गेलेल्या बाईनं दुसरीच्या मंगळसूत्राला हात लावायचा नसतो. घालायचंही नाही, काढायचंही नाही. आमचे मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. आता कोण पाळतंय असं लोक म्हणतात, ग्रामपंचायतीत ठराव करतात, टाळ्याही वाजवतात. पण जिचा एकुलता एक मुलगा बंदूक घेऊन बर्फात उभा आहे, तिला टाळ्या वाजवायला सांगून काय उपयोग? आत्या त्या वेळी माझ्यासाठी घाबरल्या होत्या की मुलासाठी, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. दोन्हीसाठी असेल.

वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी सगळं बघितलं. झाडू ठेवला, हात धुतला, कुठून तरी दोरा आणला आणि गळा मोकळा नको म्हणून माझ्या गळ्यात बांधला. त्यांच्या कपाळाला कुंकू होतं. आत्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की डॉक्टरकडंसुद्धा तसं बघितलं नव्हतं. मग मला आत नेलं.

नाक

आयसीयूतलं फार सांगत नाही. छत पाठ झालं. रोज एक डॉक्टर येऊन सांगायचा, एका श्वासात आकडे म्हणा. रोज माझे आकडे कमी होत होते. ते फार कमी झाले तर घशात नळी घालतात, हे मला शेजारच्या कॉटवर बघून कळलं होतं. त्यामुळं आकडे म्हणताना मी पोटातली सगळी ताकद लावायची आणि डॉक्टर गेल्यावर धापा टाकायची. परीक्षेत कॉपी करावी तसं ते होतं.

मानेत एक जाड नळी घातली होती. रक्त त्यातून बाहेर काढून, धुऊन परत आत. हालचाल गेली तरी वेदना जात नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. उलट कातडी इतकी जळायची की चादरीचा काठ लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दिवस मावळला की जास्त.

पण मरणाची भीती सोडली तर सगळ्यात वाईट काय होतं सांगू? नाकाला खाज. हात बाजूला मेल्यासारखे पडलेले, आणि नाकाच्या शेंड्याला खाज सुटायची. पहिल्या वेळी मी लाजेनं कुणाला सांगितलं नाही. मावशींनी माझं तोंड वाकडंतिकडं होताना बघितलं आणि आल्या. "कुठं, वर की खाली?" असं विचारून पदरानं खाजवलं. नंतर त्या येता-जाता स्वतःच विचारायच्या, "काय गं, नाक?" देव कसा असतो मला माहीत नाही, पण तो मला खाजवायला आला नव्हता.

ह्यांना सुट्टी मिळून हे आले तेव्हा मी जनरल वॉर्डात आले होते. कॉटची दांडी धरून उभे राहिले. इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण मला हात कुठं लावावा ते त्यांना कळेना. मी म्हणाले, "आवं, बसा की. चावत न्हाई मी." तेव्हा ते रडले. मला मात्र रडू आलं नाही. रडल्यावर नाक पुसायला कुणाला तरी बोलवावं लागतं.

सकाळ-संध्याकाळ

घरी आले तेव्हा मला उठवून बसवावं लागायचं. ह्यांची सुट्टी संपली. आता सगळं आत्यांवर. घास भरवणं, अंग पुसणं, संडासचं भांडं देणं-काढणं. सत्तरीच्या बाईनं माझी घाण काढली आणि एकदाही नाक मुरडलं नाही. माझ्या आईनं तरी इतकं केलं असतं का, शंका आहे.

पण मंगळसूत्राला हात नाही.

ते गळ्यातच ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मानेची जखम ओली होती, आणि संध्याकाळ झाली की मण्यांचा स्पर्श निखाऱ्यासारखा लागायचा. काढावंच लागायचं. म्हणजे रोज संध्याकाळी काढायला शालनवैनी, रोज सकाळी घालायला शालनवैनी. त्या बिचाऱ्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण त्यांचंही घर आहे, म्हशी आहेत. ऊस तुटायला आला की त्या उजाडायच्या आधी रानात जायच्या आणि दुपारी यायच्या.

आणि माझा गळा भरल्याशिवाय आत्या तोंडात घास घालायच्या नाहीत.

मला आधी कळलंच नाही. एक दिवस शालनवैनी उशिरा आल्या तेव्हा आत्यांचे हात कापत होते. मला भरवताना आमटी माझ्या अंगावर सांडली. मी विचारलं, "आत्या, तुमी खाल्लं न्हाई?"

"खाती की."

"कवा?"

त्यांनी सांडलेली आमटी पुसायला घेतली. शालनवैनीच म्हणाल्या, "ती रोजच थांबती गं. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मी त्या दिवशी आत्यांना लय बोलले. आजारी माणसाची जीभ शाबूत असली की ती सगळ्या अंगाचं काम करते. म्हटलं, साखर वाढलीय तुमची, चक्कर येऊन पडला तर मला उचलायला कोण, तुम्हाला उचलायला कोण? त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे फोनवर म्हणाले, "अगं, मग घालूच नकोस. काय अडलंय? मी हाय की जिवंत." फोन स्पीकरवर होता. आत्या ताट तिथंच ठेवून गोठ्यात गेल्या. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या म्हणे. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

मग मला एवढंच उरलं. चालता आलं नाही तरी चालेल, मणी ओवता आले नाहीत तरी चालेल. पण सकाळी माझं मंगळसूत्र मला घालता आलं पाहिजे, म्हणजे ही म्हातारी जेवेल. फिजिओथेरपीवाला विचारायचा, "ताई, तुमचं ध्येय काय?" लोक म्हणे सांगतात, नाचायचंय, गाडी चालवायचीय. मी म्हणायची, "सासूला जेवू घालायचंय." त्याला वाटायचं मी चेष्टा करते.

सरी

हळूहळू उजवा हात थोडा आला. अंगठा आणि दोन बोटं. डावा नुसताच लोंबत राहिला. काठी घेऊन घरातल्या घरात फिरायला लागले, पण हात छातीच्या वर जाईना.

साधं मंगळसूत्र एका हातानं घालून बघा कधी. मानेमागचा फासा दोन हातांच्या, दोन डोळ्यांच्या माणसासाठी केलेला असतो, खरं तर मागं डोळे असणाऱ्या माणसासाठीच. लांब पोत डोक्यावरून घालावी तर हात डोक्यावर जायला हवा. खाली वाकून पोत टेबलावर मांडून डोकं त्यात घालायचं करून बघितलं. एकदा तशीच अडकून बसले, ते आत्यांनी बघितलं. हसावं की रडावं तेच त्यांना कळेना. आणि सोडवायला हातही लावता येईना. शालनवैनी येईपर्यंत मी टेबलावर गाल टेकून होते.

वाट निघाली ती आत्यांच्याच बोलण्यातून. शालनवैनींना त्या त्यांच्या आईचे दागिने सांगत होत्या. "आईच्या गळ्यात सरी व्हती. तिला कुठं फासा असतोय? फुडनं उघडीच. गळ्यात बाजूनं सरकवायची, बसली."

मी म्हटलं, आत्या, परत सांगा.

सरी म्हणजे गळ्याभोवतीचं कडंच. ताठ, पुढून उघडं. मागं हात न्यायचं कामच नाही. मी सांगलीच्या पेठेतून वाकवली तरी परत गोल होणारी ताठ तार मागवली. तिच्यावर काळे मणी ओवले, म्हणजे शालनवैनींनी ओवले आणि मी शिव्या घातल्या. त्यांची बोटं म्हशीच्या धारेला चांगली, मण्यांना नाही. "वैशे, उठून तुझं तूच कर मग," असं म्हणून त्या उठून जायच्या आणि चहा पिऊन परत यायच्या. माझ्या समोर माझं काम दुसरी कुणी वेडंवाकडं करतेय आणि मला नुसतं बघायचंय, हे मला औषधापेक्षा कडू गेलं.

मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक सासरची, एक माहेरची. एकेक वाटी तारेच्या एकेका टोकाला लावली. आत एकेक चुंबक. तार बाजूनं गळ्याभोवती सरकवायची, दोन्ही वाट्या छातीवर येतात, एक बोट लावलं की त्या एकमेकींना धरतात.

पहिलं ढिलं झालं, खोकला आला की सुटायचं. दुसरं इतकं घट्ट की एका हातानं निघेना. शेवटी भावानं वाट्यांना एक बारीक खाच करून दिली, एका बाजूला सरकवलं की सुटतं, एरवी नाही.

त्या सकाळी आत्या परसात होत्या. मी आरशासमोर बसून ते घातलं. टक् झालं. मी त्यांना हाक मारली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्या गळ्याकडं बघितलं, आत गेल्या. मला वाटलं, आवडलं नाही. थोड्या वेळानं काठी टेकत गेले तर चुलीपुढं बसून भाकरी खात होत्या. शेजारी शालनवैनी नव्हत्या, कुणी नव्हतं. आजारपणात मी खूश झालेला तो एकच दिवस मला आठवतो.

इळी

माझ्या भावानं या मंगळसूत्राचं इंटरनेटवर पान केलं. मला कुणी घेईल असं वाटत नव्हतं.

माणमधून, दहिवडीजवळून, सुलभाचा फोन आला. तिचा डावा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलाय. नवरा मुंबईला, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. ती म्हणाली, "ताई, मला कुणाला बोलवायचा कटाळा आलाय." तिला काही समजवावं लागलं नाही. तिला ते पाठवलं आणि आठ दिवसांत तिचा फोन, "ताई, तुमचं मंगळसूत्र इळीला जाऊन बसलं!"

एका हातानं भाजी चिरायची म्हणजे विळी पायानं दाबून खाली वाकायचं. ती वाकली आणि चुंबक विळीच्या पात्याला चिकटला. मंगळसूत्र विळीवर, ही गळा चाचपतेय, आणि सासू देवघराकडं पळाली. आम्ही दोघी हसलो, पण मला घामही फुटला. पातं गळ्याच्या किती जवळ होतं! मला आणि भावाला हे सुचलंच नाही, कारण मला आत्या विळीपाशी बसूच देत नव्हत्या. मग वाट्यांना बाहेरून पत्र्याचं टोपण बसवलं, ओढ आतल्या आत राहावी म्हणून. छातीत यंत्र बसवलेल्यांना तर आम्ही हे देतच नाही. त्यांच्यासाठी चुंबकाऐवजी दाबाचं बटण, नथीला असतं तसं.

कोरेगावच्या निर्मलाताईंना दिसत नाही. त्यांचा फोन वाचून दाखवतो, त्यावर त्या खरेदी करतात. त्यांनी मला झापलंच. "तुमच्या पानावर माझा फोन नुसतं म्हणतोय, चित्र, चित्र, बटण, चित्र. मी काय घेऊ, बटण?" मी म्हटलं, मग काय करू? "सांगा की. आईनं लेकीला बाजारातनं आल्यावर सांगावं तसं."

मग मी एकेक दागिना बोलून टाकायला लागले. हा मणी ज्वारीच्या दाण्याएवढा. ही वाटी करंगळीच्या नखाएवढी, आतून पोकळ, हाताला गार लागते. हे पेंडंट उलटं घातलं तर छातीला खरखरीत लागेल, म्हणजे चुकलं असं समजा. टायपिंग मला जमत नव्हतं आणि वाचणं त्यांना, त्यामुळं आमचं बरं जमलं. गावातली एक बाई मला म्हणाली होती, दिसत नाही तिला दागिने कशाला? मी ते निर्मलाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही. पण मी लोकांना दिसते की."

परत

हा आजार बहुतेकांना एकदाच होतो. काहींना तो परत परत येतो. मी त्या काहींतली निघाले.

या वेळी मला लगेच कळलं. वाट्यांना लावलेलं बोट घसरलं. मी परत लावलं, परत घसरलं, तिसऱ्यांदा कसंबसं बसलं. कुणाला बोलले नाही. आत्या जेवून उठेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, गाडी बोलवा.

सांगलीला ॲडमिट होताना मंगळसूत्र मीच काढलं. खूप वेळ लागला, सिस्टर थांबली होती. मी तिला हात लावू दिला नाही.

डॉक्टर तोच होता, आता थोडा जाड झालाय. म्हणाला, इंजेक्शनं कायम चालू ठेवावी लागतील, अधूनमधून यावं लागेल. मी विचारलं, हात? म्हणाला, येईल, पण किती येईल सांगता येत नाही. मला त्याचा राग आला नाही. खरं बोलला. पण त्या वॉर्डात मी जी रडले, तशी पहिल्या वेळीही रडले नव्हते. पहिल्या वेळी नुसती भीती होती. आता मला माहीत होतं की परत मिळवायला काय काय लागतं, आणि ते सगळं करून मिळवलेलं आजाराला पुन्हा नेता येतं.

तिथं असतानाच सुलभानं व्हिडिओ पाठवला. हे सुट्टीवर आले होते, त्यांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. सुलभा हळदीकुंकवाला निघालेली, नवी साडी, एका हातानं टक् करून मंगळसूत्र घालते आणि हसते. ह्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी म्हणाले, बंद करा. तिचा हेवा वाटला मला, सांगायला लाज कशाला. माझ्या डोक्यातून निघालेलं, माझ्यासाठी केलेलं, आणि जगात माझ्याशिवाय सगळ्यांना ते घालता येतंय.

हात

घरी आले. ह्यांची सुट्टी होती तोवर ते घालत होते, काढत होते. मग हे गेले. त्या वेळी शालनवैनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, महिनाभर तरी येणार नव्हत्या.

हे गेले त्या सकाळी आत्यांनी मला उठवलं, तोंड धुतलं, चहा पाजला. मग माझ्यासमोर बसल्या. मंगळसूत्र उशाशी होतं. मी म्हटलं, "आत्या, तुमी जेवा. माझ्यासाठी जेवा. मी काय मागत न्हाई तुमच्याकडं."

त्यांनी पदराला हात पुसले. मग तार दोन्ही टोकांना धरून उचलली. मला वाटलं, बघायला घेतलीय. त्यांनी ती बाजूनं माझ्या गळ्याभोवती सरकवली, वाट्या छातीवर जवळ आणल्या आणि चटका बसल्यासारखे दोन्ही हात काढून घेतले. टक् झालं.

"म्या कुठं घातलं?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "त्येचं त्येच बसलं."

"व्हय आत्या," मी म्हटलं. "त्येचं त्येच बसलं."

त्या जेवल्या. मला वाटलं, झालं, सुटलो. पण काढायचं राहिलं होतं. चुंबक आपणहून बसतो, आपणहून सुटत नाही, आणि काढणं हे घालण्यापेक्षा किती तरी मोठं. संध्याकाळ झाली, मान जळायला लागली. मी दात आवळून पडले होते. म्हटलं, राहू दे गळ्यात, सोसेन. माझं तोंड बघून त्यांना काय ते कळलं.

त्या कॉटवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझा उजवा हात उचलला. तो हात लोंबत होता, त्यांनी त्याचा अंगठा आणि बोट एकेक करून वाटीवर बसवलं, वरून आपला हात घट्ट धरला. त्यांच्या तळहाताचा घट्टा मला लागत होता, तेवढं मला अजून कळतं.

"हात तुझा हाय," त्या म्हणाल्या. "मी नुसता धरलाय. काढ तू."

मी काढलं. म्हणजे त्यांनी माझ्या हाताला एका बाजूला ओढलं आणि वाट्या सुटल्या. त्या रडत होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हाताला धरून ठेवण्यात गुंतले होते, म्हणून डोळे पुसायला त्यांनाही हात नव्हता.

आता शालनवैनी परत आल्यात, पण आम्ही त्यांना बोलवत नाही. सकाळी आणि संध्याकाळी आत्या माझा हात उचलतात आणि मी मंगळसूत्र घालते, मी काढते. हात कधी येईल ते डॉक्टरला माहीत नाही. आत्या रोज विचारतात, "आज जरा जोर लागला गं तुझा?"

मी रोज सांगते, लागला.